७०-२०० एफ/२.८ घेऊन खाडीवर आणि डोंगरावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी राहतो ठाण्यात, नोकरी ऐरोलीला. गेली सात वर्षं सुट्टीच्या दिवशी माझ्या पाठीवरच्या पिशवीत एक सेकंड-हँड ७०-२०० एफ/२.८ असते, म्हणजे ७० ते २०० मिलिमीटरपर्यंत झूम होणारी टेलिफोटो लेन्स. ती बाहेर काढली की जवळ उभे असलेले लोक हमखास बोलायला येतात. सोसायटीतल्या कॉलेजच्या पोरांपासून जेट्टीवर भेटणाऱ्या काकांपर्यंत सगळ्यांचे प्रश्न जवळजवळ तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. यात माझी मतं आहेत आणि ती काही ठिकाणी एकतर्फी आहेत.

एफ/२.८ म्हणजे नेमकं काय? त्यासाठी एवढे पैसे कशाला?

लेन्सच्या फोकल लेन्थला (लेन्स किती दूरचं ओढते तो मिलिमीटरमधला आकडा) आतल्या भोकाच्या व्यासाने भागलं की हा आकडा येतो. २०० मिलिमीटरला एफ/२.८ हवं असेल तर भोक साधारण ७१ मिलिमीटरचं लागतं, म्हणजे आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढं. म्हणूनच या वर्गातल्या बहुतेक लेन्सना ७७ मिलिमीटरचा फिल्टर लागतो. ४०० मिलिमीटरला तेच एफ/२.८ हवं म्हटलं तर भोक १४३ मिलिमीटरचं होतं, आणि मग लेन्सची किंमत गाडीच्या भावात जाते. एवढ्या मोठ्या काचा नीट घासून, जुळवून बसवायला पैसे पडतात. त्यात काही जादू नाही.

मिळतं काय, तर उजेड. एफ/५.६ पेक्षा एफ/२.८ मध्ये चौपट उजेड आत येतो आणि एफ/६.३ च्या तुलनेत सुमारे पाचपट. दुपारी बाराला ठाणे खाडीवर या पाचपटीचा काही उपयोग नाही. पण ठाण्यालगतच्या येऊरच्या जंगलात सकाळी साडेसहाला झाडाखाली उभे असाल, १/२५० सेकंदाचा शटर स्पीड हवा असेल आणि एफ/२.८ ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढवली की फोटोत दाणे येतात) ३२०० लागत असेल, तर त्याच जागी एफ/६.३ वाल्याला १६००० लागेल. पक्षी दोघांनाही दिसतो, पण त्याच्या पिसांतला बारकावा एकाच्याच फोटोत उरतो.

२०० मिलिमीटर वन्यजीवांसाठी पुरतं का?

सरळ उत्तर: चौकट भरायची असेल तर नाही.

हिशेब करून बघा. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर, २०० मिलिमीटरला ५० मीटरवरची चौकट ९ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच असते. लहान रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाऊण ते एक मीटरच्या मधे कुठेतरी, म्हणजे उंचीचा जेमतेम सातवा भाग. आणि ५० मीटरवर रोहित मिळणं हेच नशीब. बहुतेक वेळा ते शंभरच्या पुढे असतात. क्रॉप, म्हणजे त्याहून लहान, सेन्सर असेल तर चौकट दीडपटीने घट्ट होते, कॅननमध्ये १.६ पटीने. थोडा दिलासा, बाकी काही नाही.

पण मुळात चौकट भरलीच पाहिजे असं कोणी सांगितलं? पहिली दोन वर्षं मी पण तेच करत होतो. फोटो काढायचा, घरी येऊन कापायचा, मोठा करायचा, मऊ, म्हणजे अस्पष्ट, पडलेला बघून हळहळायचं. मग एका सकाळी कंटाळून न कापलेले फोटो तसेच ठेवले. पुढे चिखलावर रोहितांची गुलाबी रेघ, मधे खाडीतले विजेचे मनोरे, मागे मुलुंड-भांडुपच्या इमारती आणि त्यांच्याही मागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. ज्या डोंगरात बिबट्या राहतो तो आणि रोहित एकाच चौकटीत, मधे लाखो माणसं. असा फोटो ६०० मिलिमीटरने निघत नाही. तिथून पुढे मला या लेन्सचा उपयोग कळायला लागला. पक्षी लहान येतो तर येऊ दे. तो कुठे राहतो ते दाखवता येतं.

मग १५०-६०० मिलिमीटरची लेन्स का घेऊ नये?

घ्या की. भर उन्हात, दूरचे पक्षी, ओळख पटण्याजोगे फोटो, ही तुमची मुख्य गरज असेल तर ती लेन्स या कामाला जास्त योग्य आहे आणि स्वस्तही पडते. वजन दोन किलोच्या आसपास, टोकाला एफ/६.३. पक्ष्यांची यादी करणारे माझे मित्र तीच वापरतात आणि माझ्या लेन्सकडे जरा दयेनेच बघतात.

७०-२०० ज्याला पक्षीही हवा, डोंगरही हवा आणि मे महिन्यात भाचीचं लग्नही काढायचंय, त्याच्यासाठी. हसू नका, माझ्या लेन्सची निम्मी किंमत नातेवाइकांच्या लग्नांतच वसूल झाली आहे. मंगल कार्यालयातला उजेड येऊरच्या जंगलापेक्षा वाईट असतो.

टेलिकन्व्हर्टर लावून भागेल का?

टेलिकन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्या मधे बसवायचं, फोकल लेन्थ वाढवणारं भिंग. १.४ पटीचा लावला की २८० मिलिमीटर एफ/४ मिळतं आणि दुपटीचा लावला की ४०० मिलिमीटर एफ/५.६. म्हणजे पहिल्यात एक स्टॉप जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), दुसऱ्यात दोन. १.४ पटीचा मी डोळे झाकून सुचवतो. दुपटीचा लावल्यावर जुन्या लेन्समध्ये तीक्ष्णपणा दिसण्याइतका कमी होतो. ॲपर्चर, म्हणजे तेच आतलं भोक, एफ/८ ला नेलं की बरंच सावरतं, पण मग एफ/२.८ चे पैसे कशाला मोजले हा प्रश्न उरतोच.

विकत घेण्याआधी एक खात्री करा. प्रत्येक ७०-२०० ला कन्व्हर्टर बसत नाही. कॅननची पहिली आरएफ ७०-२०० एफ/२.८, जी झूम करताना लांब होते, ती कन्व्हर्टर घेत नाही. नंतर आलेली झेड आवृत्ती घेते. टॅमरॉनची ७०-१८० एफ/२.८ हलकी आणि सुरेख आहे, पण सोनी बॉडीवर तिलाही सोनीचा कन्व्हर्टर चालत नाही.

रोहित पक्षी बघायला कधी आणि कुठे जायचं? मी दोनदा गेलो, एकही दिसला नाही.

कारण तुम्ही घड्याळ बघून गेलात. खाडीवर पाणी बघून जायचं असतं.

रोहित साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून येतात आणि मे अखेर, कधी जूनपर्यंत राहतात. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो, तेव्हा ते त्यावर पसरून चरतात. भरतीचं पाणी चढलं की चिखल बुडतो आणि थवे उठून आतल्या पाणथळ जागांवर येऊन थांबतात. नेरुळ-सीवूड्सच्या मागचं डीपीएस तलाव, एनआरआय संकुलाजवळची पाणथळ आणि टीएस चाणक्य या नौप्रशिक्षण संस्थेचा परिसर या त्यातल्या माहितीच्या जागा. थोडक्यात, ओहोटीला बोटीतून, भरतीला काठावरून. उलट केलंत तर रिकामं पाणी बघून परत.

भरतीची वेळ इंटरनेटवर मिळते, पण कोकणातली जुनी रीत अजून उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दर दिवशी भरती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्याचाच हा तोंडी हिशेब. आत खाडीत पाणी जरा उशिरा चढतं. आणि रात्रीची तिथी मोजताना चुकू नका, मी एकदा चुकलो आहे.

आता यातून फोटोवाल्याने काय काढायचं? पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप चढतं, पक्षीही भरपूर येतात, पण येतात ते दहा-अकराच्या रखरखीत उन्हात. अष्टमी-नवमीला भरती पहाटे, उजेड सोन्यासारखा, पण पाण्याला जोर नसतो. कधी चिखल पुरता बुडतच नाही आणि पक्षी खाडीतच बसून राहतात. माझी आवडती तिथी एकादशी-द्वादशी. भरती सव्वाआठ-नऊची, पक्षी त्याच्या तास-दीड तास आधीपासून उतरायला लागतात, ऊन अजून तिरकं असतं. एकादशीचा उपास असेल तर न्याहारीची घाईही नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी वेळ तक्त्यात बघून घ्याच, तिथीचा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो.

काठावरून बघताना सकाळचा सूर्य शहराच्या बाजूला, म्हणजे साधारण तुमच्या पाठीशी असतो. संध्याकाळी तो समोर, मुंबईच्या बाजूला उतरतो. गुलाबी रंग हवा तर सकाळी जा, काळ्या आकृत्या हव्या तर संध्याकाळी. सीवूड्स-दारावे स्थानकावर उतरून रिक्षा केली की झालं.

ऐरोलीच्या बोटीतून फोटो चांगले येतात का?

येतात, पण हलतात. ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात बोट जाते. हे अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. बोटीची वेळ पाण्यावर ठरते, म्हणून आधी चौकशी करून जागा राखून ठेवा. केंद्रातलं दालनही बघा. पोरं सोबत असतील तर बोटीपेक्षा तेच जास्त आवडतं.

बोटीत कोपर कठड्यावर टेकवायचं नाही. इंजिनाची थरथर कठड्यातून सरळ लेन्समध्ये येते. कोपरं पोटाशी, गुडघे जरा सैल, आणि शटर १/१००० च्या वर. लेन्सला थरथर रोखणारी सोय असली तरी ती तुमच्या हाताचं हलणं सावरते, पक्ष्याचं नाही. ट्रायपॉड बोटीत आणूच नका. त्याच्या तंगडीला शेजारच्या आजी अडखळतात आणि फोटोही सुधारत नाही.

बोटवाल्याला "अजून जवळ घ्या ना" म्हणणारा एक तरी माणूस प्रत्येक फेरीत असतो. तो माणूस आपण होऊ नये. चरणारा थवा उठवला की त्यांची खाण्याची ओहोटी वाया जाते, आणि ओहोटी काही त्यांच्यासाठी थांबत नाही.

रोहितांचा गुलाबी रंग माझ्या फोटोत पांढरा का पडतो?

मागे काळपट चिखल असतो. कॅमेरा त्या काळ्याला उजळवायला जातो आणि पिसं जळतात. एक्सपोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली आणा, आणि हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्यावर दिसणारा उजेडाचा आलेख) लाल रंगाचा आलेख वेगळा बघा. एकूण आलेख ठीक दिसतो तेव्हाही लाल कडेला आपटलेला असतो. जेपीईजीऐवजी रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरच्या मूळ फाइलमध्ये, काढा. शिवाय सगळे रोहित सारखे गुलाबी नसतात: मोठा रोहित पांढरट, चोच फिकी गुलाबी आणि टोकाला काळी, लहान रोहित जास्त गडद, चोच काळपट लाल. पिल्लं तर राखाडीच. मातकट पिल्लाला एडिटिंगमध्ये गुलाबी करणारे महाभाग मी पाहिले आहेत.

एफ/२.८ वर काढलं की डोळा स्पष्ट आणि शेपटी धूसर का?

त्यालाच खोली कमी असणं म्हणतात. फुल फ्रेमवर २०० मिलिमीटर, एफ/२.८, पक्षी १० मीटरवर असेल तर साधारण ४० सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. ५ मीटरवर तोच जेमतेम १० सेंटिमीटर. २० मीटरवर दीड-पावणेदोन मीटर. म्हणजे लांबच्या रोहिताला एफ/२.८ मध्ये काही अडचण नाही, पण तीन हातांवर येऊन बसलेल्या खंड्याला एफ/५.६ कडे जावं लागतं. डोळ्यावर फोकस ठेवा. डोळा स्पष्ट असला की शेपटीची कोणी तक्रार करत नाही.

थवा उडताना मी एफ/४ ते एफ/५.६ आणि १/१६०० च्या आसपास ठेवतो. पुढचा पक्षी आणि मागचा पक्षी यांत अंतर असतं. लेन्सवर फोकसची मर्यादा ठरवणारं बटण असेल तर ते दूरवर ठेवा, नाहीतर मधे एखादी तिवराची फांदी आली की फोकस जवळ धावतो आणि परत येईपर्यंत थवा तुर्भ्याला पोचलेला असतो.

निसर्गदृश्यांसाठी टेलिफोटो? त्याला तर वाइड लेन्स लागते ना?

हा समज ज्याने पसरवला त्याने आपला प्रदेश बघितलेला नाही. सह्याद्रीची गंमत एकामागे एक उभ्या रांगांत आहे. वाइड लेन्सने त्या रांगा चपट्या होऊन तळाशी एक बारीक पट्टी उरते आणि वर नुसतं आभाळ.

लेन्स दूरच्या गोष्टी जवळ आणून चिकटवते असं म्हणतात, ते अर्धवट खरं आहे. खरं काम अंतराचं आहे. तुम्ही दूर उभे असलात की पुढच्या आणि मागच्या डोंगराच्या अंतरातला फरक तुमच्या अंतराच्या मानाने किरकोळ ठरतो, म्हणून दोन्ही सारख्याच मापाचे दिसतात. लेन्स फक्त तेवढा तुकडा उचलते. त्यामुळे जागा आधी शोधायची, झूम नंतर फिरवायचा. बहुतेक जण उलट करतात.

जवळच्या काही जागा. पारसिकच्या डोंगरावरून नवी मुंबईच्या इमारती, मधे खाडी, पलीकडे मुंबई: १०० ते १५० मिलिमीटर. मुंबई-गोवा महामार्गावरून कर्नाळ्याचा सुळका, पावसाळ्यात ढग त्याच्या कमरेला आले की १३५ च्या पुढे. आसनगावहून माहुलीचे सुळके २०० ला, आणि तिथे सकाळीच जा. पावसाळ्यात खारघरच्या डोंगरावरून पांढऱ्या धारा उतरतात. पांडवकड्याजवळ अपघात झाल्यामुळे तिथे जायला बंदी घालतात, आणि ती मोडायची काही गरजच नाही. रस्त्यावर उभं राहून २०० मिलिमीटरने अख्खा कडा मिळतो, शिवाय लेन्स कोरडी राहते.

इथे एफ/२.८ चं काम नसतं. एफ/८ ठेवा. एफ/१६ च्या पुढे विवर्तनामुळे (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो) सगळंच मऊ व्हायला लागतं, तेव्हा "जास्त आकडा म्हणजे जास्त स्पष्ट" हे डोक्यातून काढा. २०० मिलिमीटरला एफ/८ वर १६५ मीटरच्या आसपास फोकस केला तर साधारण ८५ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालतं. याचा अर्थ असा की हाताशी असलेलं गवत आणि मागचा डोंगर एकाच फोटोत दोन्ही स्पष्ट येणार नाहीत. पुढचं गवत सोडून द्या, किंवा एफ/२.८ ला मुद्दाम धूसर करून हिरवा पडदा म्हणून वापरा. ऑगस्टमध्ये मी तेच करतो.

पावसाळी पानांवरची चमक काढायला पोलरायझर फिल्टर हवा. दीड-दोन स्टॉप उजेड खातो, पण हिरवा रंग खरा हिरवा दिसतो.

चंद्र मोठा येईल का?

२०० मिलिमीटरला सेन्सरवर चंद्राचा ठिपका पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास पडतो, चौकटीच्या उंचीचा तेरावा भाग. एकटा चंद्र काढू नका, केविलवाणा दिसतो. पौर्णिमेला तो संध्याकाळी पूर्वेला, पारसिकच्या रांगेवर उगवतो; ठाण्याच्या बाजूने काढला तर डोंगर आणि इमारतींमुळे त्याला माप मिळतं. सूर्यास्त काढताना मात्र आरशाच्या कॅमेऱ्यातून, म्हणजे डीएसएलआरच्या खिडकीतून, सूर्याकडे बघू नका. ७१ मिलिमीटरचं भिंग आहे ते. लहानपणी भिंगाने कागद जाळला असेल ना?

दुपारी लेन्सला फोकसच होत नाही, बिघडली का?

बहुधा नाही. तापलेल्या चिखलावरून आणि डांबरावरून हवा लहरत वर जाते, आणि दूरचा प्रत्येक पक्षी पाण्यातून पाहिल्यासारखा दिसतो. यावर कुठलीच लेन्स उपाय नाही, महागडीही नाही. अंतर कमी करा किंवा घरी जाऊन झोपा. एकदा याच कारणाने मी लेन्स दुरुस्तीला देऊन आलो होतो. दुकानदाराने ती तीन दिवस ठेवून "सर्व्हिस केली" म्हणत पैसे घेतले. आता हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं.

येऊरला बिबट्याचा फोटो मिळेल का?

तुम्हाला नाही, मलाही नाही मिळाला. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबटे आहेत, आणि ते आपल्याला टाळण्यात फार हुशार आहेत. बघायला मिळालेच तर रात्री, आणि रात्री जंगलात घुसायला परवानगी नाही. प्रवेशाच्या वेळा आणि नियम वनखात्याच्या चौकीवर विचारूनच आत जा.

त्यापेक्षा स्वर्गीय नर्तक बघा. सावलीत उडणारा पांढरा नर, मागे फीत सुटल्यासारखी शेपटी. हे या लेन्सचं घरचं मैदान: अंतर पंधरा मीटर, उजेड कमी, मागे पानांची दाटी. एफ/२.८ ती दाटी लोण्यासारखी वितळवते.

कर्नाळ्याला तिबोटी खंड्या मिळतो म्हणे?

पावसाळ्याच्या तोंडाशी तो तिथे घरटी करायला येतो, आणि गोची तिथेच आहे. घरट्यासमोर पंधरा-वीस कॅमेरे लागले की आई-बाप चोचीत सरडा धरून फांदीवर ताटकळत बसतात, आत पिल्लं उपाशी. मी घरट्याचे फोटो काढत नाही आणि घरट्याची जागा कोणाला सांगतही नाही, त्यामुळे कृपया मेसेज करू नका. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं हाही त्यातलाच प्रकार. कर्नाळ्याला सुळका आहे, बाकी पक्षी आहेत, पायवाटा आहेत. अभयारण्य १२ चौरस किलोमीटरचं आहे, एका घरट्यापुरतं नाही.

फुलपाखरांना चालते का?

चालते. घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याच्या फुलपाखरू बागेत मी हीच नेतो. या लेन्स साधारण एक मीटरच्या आसपासून फोकस करतात आणि दूर उभं राहता येत असल्याने फुलपाखरू उडत नाही. खऱ्या मॅक्रोएवढं मोठं येणार नाही, पण ब्लू मॉर्मनसारखं मोठं फुलपाखरू, जे २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे, त्याला एवढं पुरतं.

ट्रायपॉड घ्यावा का? वजन झेपेल का?

जुन्या डीएसएलआरच्या लेन्स दीड किलोच्या आसपास असतात. सोनीची नवी जीएम टू १०४५ ग्रॅम. दीड किलो म्हणजे बटाट्याची पिशवी, उचलायला काही नाही. पण ती डोळ्यासमोर दहा मिनिटं धरून बघा. मोनोपॉड घ्या. काठावर तो उत्तम, आणि ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत तीन तंगड्यांपेक्षा एक बरी. ट्रायपॉड मी फक्त डोंगरासाठी आणि संध्याकाळी उशिरासाठी नेतो, आणि त्यावर लावल्यावर थरथर रोखणारी सोय बंद करतो.

लेन्सला ट्रायपॉडची कडी असेल तर काढून ठेवू नका. तीच उत्तम मूठ आहे. कॅमेऱ्याच्या पट्ट्याला लटकवलं की सगळं वजन माउंटवर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या सांध्यावर, येतं.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते का?

लागते. माझ्या आधीच्या लेन्सला लागली, आणि दोष सगळा माझाच. जुलैत बॅग कपाटात ठेवली, गणपतीत काढली. पुढच्या काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. साफ करून मिळाली, पण बुरशीने काचेवरचा थर खाल्ला होता. समोरून उजेड आला की फोटो धुरकट.

आपल्याकडे पावसाळ्यात हवेत ८० टक्क्यांच्या वर ओल राहते. लेन्सला ४० ते ५० टक्के हवी. जमत असेल तर विजेवरचं ड्राय कॅबिनेट घ्या. नसेल तर फराळाचा मोठा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि ओल मोजणारं छोटं घड्याळ. जेलचा रंग बदलला की तापवून परत वापरा. तांदळात पुरून ठेवू नका. तांदळाची पूड झूमच्या खाचेत जाते आणि आईची बोलणी बसतात ती वेगळीच.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे वापरणं. बुरशीला अंधार आणि बंद हवा आवडते. आणि एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्स बाहेर काढू नका, काचेवर लगेच वाफ धरते. पिशवीतच वीस-तीस मिनिटं बाहेरच्या हवेला येऊ द्या. खाडीवरून आल्यावर किंचित ओल्या, मग कोरड्या फडक्याने बाहेरून पुसा. खारा वारा धातूला खातो.

सेकंड-हँड घेताना काय बघू?

नवी घ्यायची तर कॅमेरा कंपन्यांच्या स्वतःच्या लेन्स दोन लाखांच्या पुढे जातात, म्हणून हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. डीएसएलआरच्या लेन्स आता बऱ्याच जणांनी विकायला काढल्यात, ॲडॉप्टर लावून त्या मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या नव्या कॅमेऱ्यांवर छान चालतात.

मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून आत मारा आणि पुढून तिरकं बघा. धूळ असणारच, तिचं काही नाही. धागे, डाग, ढगाळपणा दिसला तर उठा. मग २०० ला, एफ/२.८ वर, दुकानासमोरच्या पाट्या काढा आणि चारही कोपरे बघा. एक बाजू मऊ आणि दुसरी स्पष्ट असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे, विक्रेता काहीही म्हणो. झूमची रिंग ७० पासून २०० पर्यंत एकसारखी फिरली पाहिजे. स्क्रू खरवडलेले असतील तर कोणीतरी आत हात घातलाय.

आणि त्याच्याही आधी एका शनिवार-रविवारसाठी भाड्याने आणा. मुंबई-ठाण्यात भाड्याने देणारे भरपूर आहेत. ओळखपत्र आणि अनामत रक्कम घेतात. नेताना त्यांच्यासमोरच टॉर्च मारून, फोटो काढून ठेवा, म्हणजे आधीचा ओरखडा तुमच्या नावावर लागत नाही. शनिवारी डोंगर, रविवारी खाडी. फक्त तारीख ठरवताना आधी कालनिर्णय उघडा आणि त्या रविवारची तिथी बघा.